पलीकडच्या काठची माती

आमच्या जिन्यात कोणाच्या घरचं पाणी सांडलं की बाकीचे लोक आधी ओरडायचे आणि मग फडकं आणायला पळायचे. आप्पा तिथेच खाली बसायचे. चष्मा कपाळावर चढवून, पायरीवरच्या धुळीतून पाणी कशी वाट काढतंय, कुठे वळतंय, वळताना धूळ कुठल्या बाजूला टाकतंय, हे बघत राहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पोछा घेऊन आल्या की ते हात आडवा धरायचे. "जरा दम धरा वहिनी. वळान घेतंय ते."

वहिनी दम धरायच्या नाहीत. पोछा फिरायचा. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठायचे, "बुजवली बगा नदी" म्हणायचे आणि घरात निघून जायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं दिसतंय. आपण सहा महिन्यांत दुसरं घर बघू. त्याला सात वर्षं झाली आणि मी अजूनही तिथेच आहे. आप्पांना जाऊन मात्र दीड वर्ष झालं.

ते माझे घरमालक. करंजाड्यात त्यांचे शेजारीशेजारी दोन लहान फ्लॅट होते. एकात ते एकटे राहायचे, दुसरा मला दिला होता. काकू मी येण्याआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घर बघायला गेले तेव्हा लग्न झालंय का, नॉनव्हेज करता का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त काम काय करतेस ते विचारलं. मी सांगितलं, वाशीजवळ पावण्याला एका लॅबमध्ये आहे, बांधकामाची वाळू तपासते.

"वाळू?" असं म्हणून ते आत गेले आणि लोणच्याची एक काचेची बरणी घेऊन आले. माझा हात ओढून तळव्यावर चिमूटभर माती ओतली. "सांग."

मी ती बोटांत चोळली. जिभेला लावली. हे आम्ही लॅबमध्ये करतो, पण बाहेर सांगत नाही. म्हटलं, "नदीची आहे. बारीक वाळू आणि गाळ. खाडीची नाही, खारट लागत नाही."

"कुठल्या काठची?"

हे मला कसं सांगता येणार! त्यावर ते इतके खूश झाले की काय सांगू. "आतल्या वळणाची," म्हणाले, "घे किल्ली."

माझ्याबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण ती पुढे लागणार आहे. वाळू एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून गाळायची, कुठल्या चाळणीवर किती राहिली ते बघायचं आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचं, हे माझं काम. दिवसभर तेच करणाऱ्या माणसाची ती खोड घरी आल्यावरही सुटत नाही. समोरचा चुकला की मला ते सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. माझं लग्न याच कारणामुळे जमत नाही असं आईचं मत आहे.

आप्पांची अख्खी नोकरी वाशीच्या भाजीबाजारात मापाडी म्हणून झाली होती. कांदा हातात घेतला की तो कुठल्या रानातला हे ते सांगायचे. गाजराला चिकटलेली माती नखानं खरवडून बघायचे आणि व्यापाऱ्याला म्हणायचे, "ही मुरमाची हाय, चोयट्या निघत्याल." व्यापारी वैतागायचे. पण माणूस तोलाला चोख, म्हणून कोणी काही बोलायचं नाही. हे मला त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं. आप्पा स्वतः बाजाराबद्दल फारसं बोलत नसत. ते बोलायचे नदीबद्दल.

नदीचं शास्त्र मला त्यांनी एका ताटात शिकवलं. ताटात रवा पसरला, ताट एका बाजूनं उचललं आणि कपातला चहा वरून हळूहळू सोडला. चहा जरा वेळ सरळ गेला आणि मग वळला. "नदी भाईरच्या अंगाला चावती," ते म्हणाले, "आन् आतल्या अंगाला थुकती." म्हणजे असं, की वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला जोरात जातं आणि तिथला काठ खातं. आतल्या बाजूला ते दमतं आणि हातातलं ओझं खाली टाकतं. एक काठ खचत जातो, दुसरा वाढत जातो आणि वळण आणखी वाकडं होतं. फारच वाकडं झालं की एखाद्या पुरात नदी ते वळणच टाकून सरळ वाटेनं निघते, मागे कोयरीसारखं डबकं उरतं. ऐकायला छान होतं, पण तो रवा मी दुसऱ्या दिवशीच्या शिऱ्यासाठी आणला होता.

दर रविवारी ते गाढी नदीवर जायचे. काठापासून मोजून पाच-पाच पावलांवर त्यांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. दर पावसाळ्यानंतर एखादी खुंटी नदीत गेलेली असायची. ती गेली की त्यांना समाधान वाटायचं, बरोबर ओळखलं म्हणून, आणि वाईटही वाटायचं. दोन्ही एकदम चेहऱ्यावर दिसायचं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक खोलगट मोकळी जागा आहे. तिथे पार्किंग करायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये आप्पा उभे राहिले. "ही नदीची सोडलेली वाट हाय. हितं गाड्या लावू नगा."

चेअरमन हसले. "आप्पा, नदी तिकडे अर्ध्या किलोमीटरवर आहे. कशाला टेन्शन घेता?"

"ती गेली तिकडं. पाणी इसरत न्हाई."

जुलैमध्ये त्या पार्किंगमधल्या गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या. आप्पांना कोणी सॉरी म्हणालं नाही. उलट त्यांचीच जीभ काळी, असं बोललं गेलं. आप्पा तरीही लोकांच्या गाड्या ढकलायला गेले. सोसायटीच्या ग्रुपवर 'आप्पांनी सांगितलं होतं' असं मी टाकलं. तीन वेळा टाकलं.

आता त्या बरण्यांकडे येते. लोकांच्या हॉलमध्ये टीव्ही असतो तिथे आप्पांच्या हॉलमध्ये लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर मातीनं भरलेल्या तिसेक बरण्या. प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी. माती सगळी सारखीच, करड्या-पिवळ्या रंगाची. त्या बरण्या आता माझ्याकडे आहेत. दुसऱ्या कोणाला नको होत्या आणि टाकायला माझा हात धजत नाही.

ती माती यायची रताळ्यांबरोबर. दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधी साताऱ्याकडून बाजारात येणारा एक टेम्पोवाला वाट वाकडी करून करंजाड्याला यायचा आणि एक करंडी ठेवून जायचा. करंडीचं तोंड गोणपाटानं शिवलेलं असायचं, लाल दोऱ्यानं, एकसारख्या लांब टाक्यांत. आप्पा तो दोरा कात्रीनं कापत नसत. सोडवून घेत. मग जमिनीवर पेपर पसरून, रंगाऱ्याचा जुना ब्रश घेऊन एकेका रताळ्यावरची माती झाडून काढत. त्यात त्यांचा सगळा दिवस जायचा. माती नव्या बरणीत, बरणी फळीवर आणि रताळी सगळ्या बिल्डिंगला. सगळ्यात मोठी मला. स्वतःला मात्र एकही नाही.

दोन दिवसांनी दार वाजायचं. "कशी हुती?"

"गोड होती आप्पा."

"किती गोड?"

"आता हे काय चाळणीत मोजू का? तुम्ही खाऊन बघा की."

"मला डायबिटीस हाय."

त्यांना डायबिटीस वगैरे काही नव्हता. जिलबी ते माझ्या डोळ्यांदेखत पाव किलो संपवायचे. पण दरवर्षी विचारायला यायचे, आणि मी 'गोड' म्हटलं की जरा वेळ दारात तसेच उभे राहायचे.

रताळी कोण पाठवतं, हे समजायला मला चार वर्षं लागली. विचारलं की म्हणायचे, "पलीकडच्या काठची माणसं." शेवटी एका रविवारी गाढीवर खुंट्या बघायला मीही गेले होते, तिथे ते आपणहून सांगायला लागले.

त्यांचं गाव कृष्णेच्या काठावर. नदी गावाजवळ येते आणि वळते. त्यांचं रान त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. आई लहानपणीच गेली, त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, आक्कानं. तिला दिली नदीच्या पलीकडच्या गावात, बरोबर समोर, आतल्या अंगाला. लग्न होऊन गेली तरी सकाळी पाण्याला आली की ती पलीकडून हाक मारायची आणि हे अलीकडून ओ द्यायचे. नदी तेवढीच रुंद होती.

आणि नदी दरवर्षी यांचा काठ खात होती. आधी बांध गेला, मग बांधावरची बाभळ, मग विहीर. एका मोठ्या पुरात उरलेलं गेलं. सगळं मिळून पावणेदोन एकर. तेवढ्या काळात समोर आक्काच्या सासरच्या बाजूला नवी जमीन वर आली. नदीनं अशी आणून टाकलेली जमीन, तिला तिकडे मळी म्हणतात. भुसभुशीत, पेराल ते येणारी.

गावाला विषयच मिळाला. आप्पांच्या वडिलांनी पोरीला आंदण दिलं नव्हतं, ते आता नदीनं नेऊन पोचवलं, असं लोक म्हणायचे. चहाच्या टपरीवर तेच, दाढी करायला बसलं तरी तेच. आप्पा तेव्हा तिशीच्या आतले, वडील नुकतेच गेलेले, रान गेलेलं. एक दिवस चार माणसं घेऊन ते पलीकडे गेले आणि दाजींकडे निम्मी मळी मागितली. दाजी म्हणाले, "नदीनं दिली. तुज्या बानं न्हवं."

"आक्का दारात हुती," आप्पा मला म्हणाले. "एक शबूद बोलली न्हाई. माजी बाजू घे म्हनत न्हाई मी. नुस्तं ये म्हनाली असती, बस म्हनाली असती." ते आले तसे नदीतून परत गेले आणि आठ दिवसांत इकडे आले. पुन्हा त्या गावी त्यांनी पाऊल टाकलं नाही. पाच-सहा वर्षांनी, दाजी वारल्यावर, बाजारात पहिली करंडी आली. बरोबर निरोप नाही, चिठ्ठी नाही. गोणपाटावरचे लाल टाके तेवढे आक्काच्या हातचे.

"परत पाठवली असती, पर टेम्पोवाल्याला का तरास," ते म्हणाले. "म्हनलं रताळी तिची, माती माजी. माती ठिवून घ्याची. तीस वर्सांत एक गुंठाबी भरली न्हाई बग." आणि हसले.

मला खरं तर रडायला आलं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, "पण आप्पा, ती माती तुमचीच कशावरून?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. दोन्ही गावांनी, दाजींनी, आक्कानं, खुद्द आप्पांनी हे धरूनच चालवलं होतं, की इथली गेली आणि समोर आली म्हणजे इथलीच तिकडे गेली. इतकं नदीचं वेड असलेल्या माणसालाही तेवढ्या एका ठिकाणी शंका आली नव्हती.

मग मात्र त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. गाव सोडताना उरलेल्या काठची मूठभर माती त्यांनी रुमालात बांधून आणली होती. ती पुरचुंडी आणि एक बरणी मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये चाळून बघितली. पुरचुंडीतली काळी, चिकट, बहुतेक सगळी शेवटच्या चाळणीतून खाली गेली. बरणीतली वाळूच वाळू. मी घरी येऊन सांगितलं, "नापास. ही ती नाही."

"पाणी काय तुज्यापरीस कमी चाळतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "जड आदी टाकतंय, हलकं म्होरं नेतंय. काळी गेली वाहून, वाळू ऱ्हायली."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मला फार झोंबलं. मी आठवडाभर फोनवर नदीचे व्हिडिओ बघत बसले. कॉलेजची पोरं ट्रेमध्ये वाळू घालून नदी करतात तसले. मग आप्पांना म्हटलं, "आपण तुमची नदी करू."

मार्चमधला रविवार होता. गच्चीवर एक जुनं प्लायचं दार विटांवर तिरकं ठेवलं, त्यावर प्लास्टिक अंथरलं, शेजारच्या साइटवरून वॉचमनला सांगून चार घमेली वाळू आणली. आप्पांनी हातानं नदी कोरली, गावाकडे वळते तशीच. वर एक वळण, मग त्यांच्या गावाचं, मग खाली आणखी एक. त्यांच्या काठाला एक खडा ठेवला, समोर आक्काच्या काठाला एक. मग त्यांनी विटा कुटून लाल भुकटी केली आणि स्वतःच्या काठात ती थापून भरली. टाकीचा पाइप बारीक धारेवर सोडला. मी फोनवर शूटिंग सुरू केलं.

अर्धा-पाऊण तास काहीच झालं नाही. मग त्यांचा काठ ढासळायला लागला. आधी चिमटीएवढा, मग एकदम बोटभर. लाल पाणी निघालं. आप्पा पुढे वाकले. आक्काचा खडा होता तिथे काठ वाढत होता, हे खरं. पण ती वाळू पांढरी होती. वरच्या वळणावर तिच्याच बाजूचा काठ ढासळत होता, तिथून ती येत होती. लाल भुकटीनं नदी ओलांडलीच नाही. ती आप्पांच्याच काठाला धरून खाली गेली आणि खालच्या वळणावर, त्यांच्याच बाजूला, आतल्या अंगाला जाऊन बसली. एखाद-दुसरा लाल कण पलीकडे गेला असेल. मी तो धरला नाही. लॅबमध्येही इतकं कोणी धरत नाही.

आप्पांनी नदी मोडून पुन्हा केली. तीन वेळा केली. तीनही वेळा तेच झालं.

"खालच्या वळणावर कोणाचं रान आहे?" मी विचारलं.

"आमच्याच अंगाला, म्होरल्या गावात. कुनाचं तरी आसंल. मी वळकत बी न्हाई त्यास्नी." ते ओल्या हातानंच डोळे पुसायला लागले. "आक्कानं माजं काय बी घेतलं न्हाई. चाळीस वर्सं, पोरी! चाळीस वर्सं मी तिला चोर म्हनलो."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण मनातून मी खूश होते, हे कबूल करायला हवं. मी बरोबर ठरले होते. त्या संध्याकाळी आप्पांनी माझ्याकडची दोन रताळी मागून नेली, उकडली आणि खाल्ली. दार वाजवून सांगायला आले. "लई गोड हाईत की!" दिवाळीत भाऊबिजेला गावी जायचं, आक्काच्या पाया पडायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. भांडणाचं मूळच खोटं निघालं होतं, म्हणजे भांडण संपलं. इतका सरळ हिशेब होता, आणि तो मलाही पटला होता.

आप्पा आक्कांना भेटले त्या दिवसाबद्दल लिहायचं मी टाळतेय, म्हणून त्यानंतरचं आधी सांगून टाकते. आक्का त्यानंतर नऊ दिवसांनी गेल्या. आप्पा पुढच्या वर्षी. त्या मधल्या वर्षात ते गाढीवर एकदाही गेले नाहीत. जिन्यात पाणी सांडलेलं असलं तर पँट वर धरून ते ओलांडायचे आणि पुढे जायचे. वहिनींना बिचाऱ्यांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मला ते कधी काही बोलले नाहीत. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

तर त्या दिवाळीची वाट बघायची वेळच आली नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या भाच्याचा फोन आला. हा आक्काचा मुलगा गेली दहा वर्षं सीवूड्सला राहत होता, आमच्यापासून तासाभरावर, आणि त्या दहा वर्षांत मामा-भाचे एकदाही भेटले नव्हते. आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात, उपचारासाठी इकडे आणली होती, आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, असं तो म्हणाला. "मामा, येऊन जावा."

आप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि माझं दार वाजवलं. "चल. तू सांग तिला. तुला नीट सांगता येतंय. मी सांगाय गेलो तर तिला पुन्ना भांडायलाच आलोय वाटंल."

रिक्षात ते सारखे विचारत होते. "आदी कशी हाईस म्हनू, का आदी मातीचं सांगू?"

"आधी कशी आहेस म्हणा आप्पा."

"व्हय. मग तू फोन दाव."

भाच्यानं दार उघडलं. पन्नाशीचा माणूस, तो खाली वाकला आणि मामाच्या पाया पडला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. आतल्या खोलीत पलंगावर आक्का होत्या. इतक्या लहान झालेल्या, की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे मात्र आप्पांसारखेच होते.

"आलास," त्या म्हणाल्या. "लई वाळलास रं."

आप्पांनी पलंगाशी बसून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कशी आहेस वगैरे सगळं विसरून एकदम म्हणाले, "आक्का, ती माती माजी न्हवती."

आक्कांना कळलं नाही. आप्पांनी मला पुढे ओढलं. मी व्हिडिओ लावला आणि फोन त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. लॅबमध्ये येणाऱ्या बिल्डरांना सांगते तसं सगळं नीट, पायरीपायरीनं सांगितलं.

"ह्ये लाल काय हाय?" त्यांनी विचारलं.

"ही आप्पांच्या काठची माती, आजी."

"आन् ह्यो खडा?"

"तो तुमचा काठ."

त्या बघत राहिल्या. पहिल्यांदा संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. "लाल माज्याकडं येत न्हाई?"

"नाही आजी. ती खाली जाते. त्यांच्याच बाजूला."

"उलीशी बी न्हाई?"

त्या वेळी मी जरा थांबायला हवं होतं. एखादा कण गेला असेल आजी, असं म्हणायला काय जात होतं? ते खरंही होतं. पण मी म्हटलं, "नाही." अगदी ठामपणे म्हटलं. त्या 'नाही'ची मला आजही लाज वाटते.

आप्पा रडत होते आणि हसत होते. "तू माजं काय बी घेतलं न्हाईस आक्का. मीच खुळा. झालं, मिटलं सगळं."

आक्कांनी फोन हळूच बाजूला सारला. मग म्हणाल्या, "भाऊबिजंला भाऊ नसला की बाया चांदोबाला ओवाळत्यात. मला सासू म्हनायची, तूबी ओवाळ. मी न्हाई ओवाळलं. म्हनलं, माजा भाऊ हाय. ताट घिऊन मळीत जायाची. त्या मातीला कुक्कू लावायची आन् ओवाळायची. तुजी म्हनून."

भाचा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आम्ही घरात तिला मामाचं रान म्हणतो. वाटण्या झाल्या तेव्हाही आईनं ती कोणाला दिली नाही. मामाची हाय, म्हणायची."

आप्पांचं हसू थांबलं होतं. आक्कांनी त्यांच्या हातातला आपला हात काढून घेतला नाही, पण त्यांच्याकडे वळून अशा बघायला लागल्या, की जणू आप्पांकडून त्यांना उत्तर हवंच होतं.

"मग येवडी वर्सं," त्या म्हणाल्या, "माज्यापाशी तुजं काय हुतं रं?"